विश्लेषण : चुंबकाचा पेच नॅनोकणांनी सुटेल?

एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. जुलैत पुण्याच्या बजाज ऑटोने ई-चेतकचे उत्पादन थांबण्याचा इशारा दिला. नोव्हेंबरमध्ये केंद्राने सिंटर्ड चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. कारखाने उभे राहतीलही, डिस्प्रोसियमचे काय? आपल्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत निओडायमियम मिळते, डिस्प्रोसियम जवळपास नाहीच.

डिस्प्रोसियम लागते कशाला?

निओडायमियम-लोह-बोरॉन चुंबक मोटारीतल्या दीडशे अंशांच्या उष्णतेत चुंबकत्व गमावू लागतो. डिस्प्रोसियम त्याला टिकवून धरते. दुसरा उपाय आहे कण बारीक करण्याचा. नेहमीच्या सिंटर्ड चुंबकात कण साधारण पाच मायक्रॉनचे असतात. ते दोन-तीनशे नॅनोमीटरवर आणले, तर बहुतेक कणांत एकच चुंबकीय क्षेत्र उरते आणि त्याची दिशा उलटवणे कठीण जाते. अति बारीक करूनही चालत नाही; काही नॅनोमीटरच्या कणाची दिशा उष्णतेनेच भरकटते.

अडते कुठे?

निओडायमियम ऑक्सिजनला सोडत नाही, ही खरी डोकेदुखी. लोहाचे नॅनोकण द्रावणात सोडियम बोरोहायड्राइड घालून सहज मिळतात. निओडायमियमपुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून ऑक्साइडचे मिश्रण कॅल्शियम हायड्राइडसोबत नऊशे अंशांच्या आसपास तापवावे लागते. कण तयार होतात, पण कॅल्शियम ऑक्साइडमध्ये, म्हणजे चक्क चुनकळीत, रुतलेले. चुना काढायला पाणी घालावे, तर सुटणारा हायड्रोजन कणांत शिरतो आणि चुंबकाची ताकद घटवतो. वाळवलेली भुकटी हवेत पेट घेऊ शकते, ते वेगळेच. प्रयोगशाळेतल्या चिमूटभर भुकटीवरून टनांवर जाण्याच्या घोषणा म्हणूनच जपून वाचाव्यात.

मग मार्ग कोणता?

होंडा आणि दायदो स्टीलने २०१६ मध्ये सुटे नॅनोकण बनवण्याच्या फंदात न पडता वाट काढली. वितळलेला मिश्रधातू फिरत्या चाकावर ओतून क्षणात गोठवला, की पट्टीच्या आतच नॅनोस्फटिक तयार होतात. ती दळून, गरम असताना दाबून चुंबक घडवतात. होंडाच्या फ्रीड या हायब्रिड मोटारीत असा डिस्प्रोसियम-टर्बियमविरहित चुंबक बसला.

भारताची योजना मात्र सिंटर्ड चुंबकांपुरतीच आहे. तिच्यातला थोडा तरी पैसा या दुसऱ्या पद्धतीकडे वळवायला हवा. नाहीतर चुंबक इथे बनेल आणि डिस्प्रोसियमच्या परवान्यासाठी अर्ज बीजिंगलाच करावा लागेल.