हलका गाडा आणि शर्यतीचा घाट

वेगाची आवड मनुष्यस्वभावांतच आहे. तरुणांच्या अंगीं ती अधिक असते, इतकेंच. आपल्या पुणें जिल्ह्यांत खेड, आंबेगांव, जुन्नर, मावळ या बाजूच्या यात्रांत बैलगाड्यांच्या शर्यती होतात. त्या पाहावयास लोटणारी गर्दी या म्हणण्याची साक्ष देईल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानें बंद पडलेल्या या शर्यतींस डिसेंबर २०२१ मध्यें पुन्हा परवानगी मिळाली, व मे २०२३ मध्यें त्याच न्यायालयाच्या घटनापीठानें त्यासंबंधींचा महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य ठरविला. या शर्यतींविषयीं मतभेद असोत. परंतु त्यांतील दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, शर्यतीचा गाडा म्हणजे शेतमाल वाहणारी गाडी नव्हे. अनावश्यक लांकूड व लोखंड टाळून तो मुद्दाम हलका केलेला असतो. दुसरी ही कीं, तो कोणी भरल्या बाजारांतून पळवीत नाहीं. त्यासाठीं राखलेला घाट असतो. या दोन गोष्टी मनांत धरून मोटारींच्या एका विशिष्ट जातीचा विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अलीकडे मधल्या सुटींत क्रिकेटच्या खालोखाल कशाचें बोलणें होत असेल, तर तें मोटारींचें. अमुक मोटार किती अश्वशक्तीची, तमुक मोटार किती सेकंदांत शंभराचा वेग गांठते, हीं कोष्टकें कित्येक मुलांस पाढ्यांपेक्षां चांगलीं पाठ असतात. परंतु तिचें वजन किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आणि खरें मर्म तर त्या प्रश्नांतच आहे.

हा प्रश्न ज्यानें आयुष्यभर विचारला, असा एक अभियंता इंग्लंडांत होऊन गेला. त्याचें नांव कॉलिन चॅपमन (१९२८–१९८२). लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्यानें इमारती व पूल यांच्या बांधणीचें शास्त्र अभ्यासिलें होतें, आणि १९५२ सालीं त्यानें लोटस ही कंपनी काढली. पुलाचा जो तुकडा भार वाहत नाहीं, तो स्वतःच भार होऊन बसतो. हीच दृष्टि त्यानें मोटारीस लाविली. १९५७ सालीं निघालेल्या त्याच्या ‘सेव्हन’ या गाडीस दारें नव्हतीं, पक्कें छप्पर नव्हतें. तिचें वजन पांचशें किलोहूनहि कमी, आणि प्रथम तींत बसविलेलें फोर्डचें साधें यंत्र अवघें सुमारें ४० अश्वशक्तीचें होतें. तयार मोटारीवर त्या वेळीं ब्रिटिश सरकारचा कर असे; म्हणून पुष्कळ गिऱ्हाइकें सुटे भाग घरीं नेऊन गाडी आपल्या हातांनीं जोडीत. १९७३ पासून ही गाडी केटरहॅम या कंपनीकडे गेली, व तिचे वंशज आजहि तयार होतात.

चॅपमनच्या पश्चात्, १९९६ सालीं, लोटसनें ‘एलीझ’ ही गाडी काढली. तिचा सांगाडा अल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या चिकटद्रव्यानें जोडून केलेला होता. त्याचें वजन सुमारें ६८ किलो, म्हणजे एका प्रौढ मनुष्याइतकें. आणि सबंध गाडीचें सुमारें ७२५ किलो. ११८ अश्वशक्तीच्या यंत्रावर ही गाडी सुमारें सहा सेकंदांत ताशीं शंभर किलोमीटरच्या आसपास वेग गांठीत असे. १,४५० किलोच्या मोटारीस शक्ति व वजन यांचें तेंच प्रमाण राखावयाचें, तर तिला २३६ अश्वशक्तीचें यंत्र लागेल. त्रैराशिकाचें हें साधें उदाहरण कोणताहि विद्यार्थी सोडवूं शकेल.

परंतु लाभ येथेंच संपत नाहीं. वाढीव शक्ति सरळ रस्त्यावर उपयोगीं पडते. हलकेपणा वेग वाढवितांना, थांबतांना आणि वळतांना, सर्वत्र उपयोगीं पडतो. गतिमान् वस्तूची ऊर्जा तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणांत वाढते, आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें आपण शाळेंत शिकतों. ब्रेक दाबला म्हणजे ती सारी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. वजन निम्मे असेल, तर ब्रेकास सोसावी लागणारी उष्णताहि निम्मीच. वळणावर तर हलकी गाडी विशेष शोभून दिसते. टायरावरील भार दुप्पट केला, तरी त्याची जमिनीवरील पकड पुरती दुप्पट होत नाहीं; म्हणून जड गाडी वळणावर आधीं घसरूं लागते. जड गाडीस मोठें यंत्र हवें, मोठ्या यंत्रास मोठी टांकी हवी, त्या सर्वांस आवरण्यास मोठे ब्रेक व रुंद चाकें हवींत. आणि यांतील प्रत्येक वस्तु गाडीस आणखी जड करते. या चक्राचा आरंभ जेथें होतो, तेथेंच तें तोडावें, हें चॅपमनचें शहाणपण.

आतां कोणी म्हणेल कीं, हा झाला हिशेब; पण मनुष्य केवळ हिशेबासाठीं मोटारीवर प्रेम करीत नाहीं. हें म्हणणें बरोबर आहे. या गाड्यांचें खरें आकर्षण त्यांच्या प्रामाणिकपणांत आहे. पहिल्या एलीझमध्यें सुकाणूचें चाक फिरविण्यास यंत्राचें साहाय्य नव्हतें, ब्रेकासहि नव्हतें. त्यामुळें रस्त्याचा खडबडीतपणा, टायराची पकड, ती सुटूं लागण्याचा क्षण, हें सर्व चालकाच्या तळहातास कळे. जड व आलिशान गाडी चालकाची चूक झांकून घेते आणि त्यास स्वतःच्या कौशल्याविषयीं खोटा भरंवसा देते. हलकी गाडी चूक तत्काळ पदरांत घालते. वळणाच्या आधीं ब्रेक उशिरां दाबला, तर तें तिच्या वागण्यांत लगेच दिसतें. पुढल्या फेरींत तो वेळेवर दाबला, तर सुधारणाहि तितकीच स्पष्ट दिसते. चांगला शिक्षक करतो तेंच ती करते. या कारणास्तव मी या छंदास निव्वळ चैन म्हणावयास तयार नाहीं. त्यांत शिस्त आहे, आणि स्वतःची मर्यादा ओळखण्याचें शिक्षण आहे.

आपल्या पुण्यासहि हा विषय परका नाहीं. टाटांच्या मोटार कंपनीचें अभियांत्रिकी संशोधन केंद्र १९६६ पासून येथें आहे. त्याच सालीं स्थापन झालेली भारतीय मोटार संशोधन संस्था, जिला सर्व लोक ‘एआरएआय’ म्हणून ओळखतात, ती वेताळ टेकडीवर आहे. २००९ सालीं विक्रीस आलेली ‘नॅनो’ ही मुख्यत्वें पुण्याच्या अभियंत्यांची कृति होय. तिचें वजन सुमारें ६०० किलो होतें. तींत प्रत्येक तुकड्याचें वजन काटकसरीसाठीं मोजलें गेलें. सामान्य कुटुंबास परवडावी, हा त्यांतील हेतु. पुढें मार्च २०१७ मध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत याच कंपनीनें ‘रेसमो’ नांवाची दोन आसनांची शर्यती वळणाची मोटार मांडली. मध्यभागीं बसविलेलें १.२ लिटरचें तीन सिलिंडरांचें यंत्र, १९० अश्वशक्ति, आणि सहा सेकंदांच्या आंत शंभराचा वेग, असें तिचें वर्णन होतें. ती विक्रीस कधींच आली नाहीं, व नॅनोचें उत्पादनहि पुढें थांबलें. तथापि काटकसरीची गाडी आणि वेगाची गाडी एकाच प्रश्नापासून निघतात, हें या दोन उदाहरणांवरून दिसून येतें. तो प्रश्न म्हणजे, ‘यांतून काय काढून टाकतां येईल?’

या मताविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांचाहि विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, हा श्रीमंतांचा खेळ आहे. तो बव्हंशीं खरा आहे. त्याविषयीं पुढें सांगतों. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हलकी गाडी नाजूक असते, असें लोक म्हणतात. हलकेपणाचा हव्यास मर्यादेबाहेर गेला, म्हणजे तो प्राणघातक ठरतो, यांत शंका नाहीं. १९७० सालीं इटलींतील मोंझा येथें सरावाच्या वेळीं योहेन रिंट हा श्रेष्ठ चालक लोटस गाडींतच मृत्यु पावला. गाडीच्या ब्रेकाचा एक दांडा तुटला, असें चौकशींत आढळलें. त्या वर्षीं जगज्जेतेपद त्यास मरणोत्तर मिळालें. तेव्हां अनावश्यक तें टाकावें, पण आवश्यक तें कधींहि टाकूं नये, हा विवेक या विद्येचा प्राण आहे. शिवाय हलक्या गाडीस जड गाडीनें धडक दिली, तर हलक्या गाडींतल्या मनुष्यासच अधिक इजा होते. यावरून या गाड्या वाईट ठरत नाहींत. त्यांची जागा कोठें आहे, एवढेंच ठरतें.

ती जागा म्हणजे घाट. मोटारींच्या घाटास ट्रॅक म्हणतात. आपल्या देशांत चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें १९९० पासून असा ट्रॅक आहे. कोइमतूरजवळ करी यांच्या नांवाचा आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें २०११ सालीं ५.१२५ किलोमीटर लांबीचा बुद्ध ट्रॅक झाला. अशा ठिकाणीं कांहीं दिवस हौशी लोकांसाठीं राखून ठेवतात. फी भरावयाची, गाडी तपासून घ्यावयाची, शिरस्त्राण घालावयाचें, निशाणांचे संकेत पाळावयाचे, आणि मग कोणाशींहि स्पर्धा न करितां स्वतःच्या कौशल्याची परीक्षा पाहावयाची, अशी तेथील रीत आहे. समोरून वाहन येत नाहीं, कडेनें मूल रस्ता ओलांडीत नाहीं. चूक झाली, तर बहुधा गाडी वाळूंत जाऊन रुतते. पुण्याच्या हौशी मनुष्यास यांपैकीं कोणताहि ट्रॅक गांठावयाचा, तर शेंकडों किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. मोटारींच्या धंद्यावर वाढलेल्या या नगरीच्या परिसरांत त्या तोडीचा एखादा ट्रॅक व्हावा, असें मला आग्रहानें वाटतें. ज्या तरुणांस वेगाची भूक आहे, त्यांस आपण घाट दिला नाहीं, तर ते पेठेचाच घाट करतील.

तसें झालें म्हणजे काय होतें, हें या शहरानें पाहिलें आहे. १९ मे २०२४ च्या पहाटेपूर्वीं कल्याणीनगरांत दोन टनांहून अधिक वजनाच्या एका परदेशी विजेच्या मोटारीनें मोटारसायकलीस धडक दिली, आणि मध्यप्रदेशाहून नोकरीसाठीं येथें आलेले दोन तरुण अभियंते, एक मुलगा व एक मुलगी, प्राणांस मुकले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असें पोलिसांचें म्हणणें आहे. न्यायालयाचें काम न्यायालय करील. आपण त्यांतून आपल्यापुरता बोध घ्यावा. ७२५ किलोची गाडी ज्या वेगानें जाते, त्याच वेगानें दोन टनांची गाडी जात असेल, तर तिची संहारक ऊर्जा जवळजवळ तिप्पट असते; आणि वेग दुप्पट केला, तर ती चौपट होते. ज्यानें कौशल्य कमावलें नाहीं, त्याच्या पायाखालीं आयती शेंकडों अश्वशक्ति देणें हें प्रेमाचें लक्षण नव्हे.

पालकांस माझी नम्र विनंति आहे कीं, त्यांनीं या बाबतींत कायदा काय म्हणतो तेंहि पाहावें. मोटारवाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें त्यांत घातलेल्या कलम १९९-अ प्रमाणें अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि मुलास वयाचीं २५ वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. परंतु केवळ भयास्तव चावी कुलुपांत ठेवून भागणार नाहीं. मुलाच्या आवडीस योग्य वाट करून दिली पाहिजे.

आणि ती वाट उपलब्ध आहे. श्रीमंतीच्या आक्षेपाचें उत्तरहि तिच्यांतच आहे. २००७ पासून ‘बाहा’ नांवाची स्पर्धा आपल्या देशांत होते. ‘फॉर्म्युला भारत’ नांवाची दुसरी कोइमतूर येथें होत आली आहे. पुण्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ अशा स्पर्धांसाठीं आपल्या हातांनीं एका आसनाच्या गाड्या बांधतात. फॉर्म्युलाच्या स्पर्धेंत गाडी साठ अंश कलती करून पाहतात, तिचे ब्रेक पारखतात. त्यांत उतरल्याखेरीज ती ट्रॅकवर सोडीत नाहींत. सुमारें २२ किलोमीटरांची दमछाक करणारी धांव असते. शिवाय खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, आणि अमुक भाग असाच कां केला, याचें समर्थन परीक्षकांपुढें करावें लागतें. बापाच्या पैशानें घेतलेल्या मोटारीविषयीं असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तोंवर तुमच्याजवळ सायकल आहे. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून गाजलेलें होतें. तिचीं चाकें खोला, बेअरिंगें स्वच्छ करा, तिच्यावरील निरुपयोगी ओझें उतरवा, ती काट्यावर घालून पाहा, आणि मग पर्वतीच्या बाजूच्या चढावर ती पूर्वीपेक्षां कशी चढते, याचा अनुभव घ्या. आज विजेच्या मोटारींत बॅटरीचेंच वजन कित्येक शें किलो भरतें. तें कमी कसें करावें, हा प्रश्न जगांतील अभियंत्यांपुढें उभा आहे, आणि तो सोडविण्याचें काम तुमच्या पिढीकडे येणार आहे. मोटारीचें वेड अवश्य असावें; परंतु तें घेणाऱ्याचें नसून करणाऱ्याचें असावें. ज्यानें स्वतःच्या हातांनीं एक किलो वजन कमी केलें आहे, त्यास वेगाची किंमत कळते, आणि ज्यास ती कळली, तो भर रस्त्यांत दुसऱ्याच्या जिवावर वेगाची हौस भागवीत नाहीं.