निष्क्रिय खात्यातली गिटार

बँकेचा एक नियम आहे. बचत खात्यात दोन वर्षं खातेदाराने एकही व्यवहार केला नाही, की ते खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी फिरकलंच नाही, तर आतली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. हा नियम मी गेली कित्येक वर्षं काउंटरच्या अलीकडून समजावतो आहे आणि पलीकडून शिव्या खातो आहे. पण माझं मत पक्कं आहे. नियम उत्तम आहे, आणि तो वाद्यांनाही लावला पाहिजे. सुरुवात जुन्या स्टील गिटारींपासून करावी.

स्टील गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली पोलादाची कांब तारांवरून सरकवत वाजवायची गिटार. आपण हिला हवाईयन गिटार म्हणतो, कारण ती तिकडचीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोराने हा उद्योग सुरू केला, असं मानतात. (आपली पोरं त्या वयात तारेवर लोखंड घासताना दिसली तर आपण कान पिळतो. म्हणून आपल्याकडे शोध लागत नाहीत.) 1932 साली विजेवर चालणारी जी गिटार पहिल्यांदा कारखान्यातून बाजारात आली, तीही ही मांडीवरचीच. दिसायची हुबेहूब तव्यासारखी, म्हणून तिचं नावच पडलं 'फ्राइंग पॅन'.

पुढे अमेरिकेत तिला पाय फुटले. चार पायांवर उभी, खाली पेडलं, गुडघ्यांनी ढकलायचे दांडे. पेडल दाबलं की ठरावीक तार खेचली जाते, बाकीच्या वाजत असतानाच तिचा सूर चढतो. 1954 साली वेब पिअर्सच्या एका गाण्यात बड आयझॅक्सने ही करामत ऐकवली आणि तिथले सगळे स्टीलवाले आपापल्या गिटारींना पेडलं बसवायला धावले. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, एवढी गात्रं एका वेळी एक तर पेडल स्टील वाजवणाऱ्याची चालतात, नाही तर पगाराच्या दिवशी आमच्या कॅशियरची.

आपल्याकडे पेडलं फारशी पोचली नाहीत, पण मांडीवरचीने कमी राज्य केलं नाही. हजारा सिंग, व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांनी सिनेमाची गाणी या गिटारीवर अशी वाजवली, की शब्द नसल्याची चुकामूक होऊ नये. ब्रिजभूषण काब्रांनी तर तिच्यावर राग वाजवले. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये संतूर-बासरीच्या मांडीला मांडी लावून बसली आहे ती हीच. कांब सरकते तिथे मींड आयती मिळते. आपल्या गळ्याला जे लागतं, ते तिच्या अंगातच आहे.

आता मुद्द्यावर येतो. आमचे एक खातेदार आहेत. नाव सांगत नाही, खातेदाराची गुप्तता पाळणं माझं कर्तव्य आहे. त्यांच्याकडे सात जुन्या स्टील गिटारी आहेत, त्यातली एक चक्क पेडलवाली, बोटीने आलेली. मोठ्या प्रेमाने त्यांनी मला पाहायला बोलावलं. काचेची कपाटं, आत दिवे, हवेतला दमटपणा मोजायचं घड्याळ. खोलीला चोवीस तास एसी. शेजारच्या खोलीत त्यांचे वडील टेबलफॅनपुढे बनियन वर करून बसले होते.

"यातली वाजवता कुठली?" मी आपलं सहज विचारलं.

"वाजवायची?" मी मुदत ठेवीच्या पावतीवर भेळ मागितल्यासारखं ते माझ्याकडे बघत राहिले. "अहो, हिच्या तारासुद्धा ओरिजिनल आहेत!"

तारा ओरिजिनल होत्या यात शंका नाही. त्यांच्यावरचा गंजही ओरिजिनल होता. गृहस्थांनी तो जपला होता. आवाजाचं बटण खरखरतं, पण बदलायचं नाही, कारण किंमत उतरते. एक स्क्रू नवा निघाला म्हणून सौदा मोडल्याची हकिगत त्यांनी मला, मुलीचं लग्न मोडल्याच्या आवाजात, सांगितली.

माझं भांडण आहे ते इथे. जपणं म्हणजे न वापरणं, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळली आहे. शोकेसमधला टी-सेट, कपाटातला शालू आणि पाहुण्यांची चादर या त्रिमूर्तीवर आपले संसार उभे आहेत. पण टी-सेट बंद कपाटात बिघडत नाही. वाद्य बिघडतं. आवाजाचं बटण फिरवलं नाही की आत मळ धरतं आणि मग खरखरतं. तार बदलली नाही की गंजते. पेडल स्टीलच्या पोटातलं तेल वर्षानुवर्षं हललं नाही की डिंकासारखं घट्ट होतं. मग पेडल सोडलं तरी तार मूळ सुरावर परतत नाही. बेसूर होण्यासाठी तिला कुणी वाजवावंही लागत नाही. वाजवणाऱ्याच्या हातून ओरखडे पडतात, पत्रा झिजतो, कबूल. आम्ही कॉमर्सवाले त्याला घसारा म्हणतो. घसारा वापराचा असतो तसा नुसता पडून राहण्याचाही असतो, हे पहिल्या वर्षालाच शिकवतात.

संग्राहकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणाले, "आम्ही घेतल्या नसत्या तर या भंगारात गेल्या असत्या." हे खरं आहे. ऑर्केस्ट्रे बंद पडले, वाजवणारे गेले, आणि पोरांनी काय काय किलोवर घातलं ते आठवू नये. वाचवल्याबद्दल त्यांना नमस्कार. पण बुडत्याला बाहेर काढून काठावर भुसा भरून ठेवायचा नसतो.

निघताना त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या काकांची एक होती ना? आकडा तुम्हीच सांगा."

होती. काका गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. ते गेले तेव्हा काकूने ती माझ्या हवाली केली. "अरे, तूच सांभाळ," म्हणाली. मी सांभाळली. जुन्या चादरीत गुंडाळून, कपाटावर, डांबरगोळ्यांसकट. त्या रात्री स्टूल घेऊन ती उतरवली आणि बोटांवर हिशेब केला. अकरा वर्षं! माझ्याच नियमाने ती केव्हाच रिझर्व्ह बँकेत जमा व्हायला हवी होती. पेटी उघडली. सहाही तारा तपकिरी. जोडून पाहिली तर बटण असं खरखरलं, की बायको आतून म्हणाली, "पापड नंतर तळा." त्या गृहस्थांकडे निदान दमटपणा मोजायचं घड्याळ तरी होतं.

स्टेशनजवळ एक म्हातारा रेडिओ दुरुस्तीवाला उरला आहे. त्याने बटण साफ केलं, सुटलेली वायर डाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाजवत राहिले असते साहेब, तर एवढी बिघडली नसती." बिल चारशे रुपये. पैकी निम्मे त्या वाक्याचे असावेत.

आकडा मी सांगितला नाही. मला वाजवता येत नाही, म्हणून गिटार खालच्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलीला दिली. तिला शिकायची होती आणि घ्यायला परवडत नव्हती. या वाद्यावर बोट कुठे ठेवायचं हे सांगायला पडदे नाहीत, कांब केसभर सरकली की सूर गेला. त्यामुळे सध्या संध्याकाळी सात ते आठ आमच्या सोसायटीत तो केसभर फरक सगळ्यांना ऐकू येतो. सेक्रेटरींनी सूचना लावली आहे. परवा कडेला एक लांब ओरखडा दिसला आणि माझ्या पोटात गलबललं. मी काही बोललो नाही.

काकू आली होती. जिन्यातच थांबली, कठड्याला धरून. मुलगी एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटत होती, पुन्हा पुन्हा चुकत होती.

"हेसुद्धा इथेच चुकायचे," काकू म्हणाली, आणि सात ते आठ तिथेच बसून राहिली.