वाचक गाठतो तेव्हा

मुलांसाठी लिहिणाऱ्याला पुरस्कारापेक्षा वाचकाचा प्रश्न जास्त दिवस पुरतो, आणि नंदुरबारात असे प्रश्न भर रस्त्यात गाठतात. हिवाळ्यात इथल्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते. तिथे देठ खुडणाऱ्या आईला बिलगून बसलेल्या पोरीने मला विचारलं, ‘काका, तुमचा राक्षस एवढा गावभर फिरतो, मग त्याला ठसका कसा लागत नाही?’ पुढच्या गोष्टीतला राक्षस शिंकून शिंकून बेजार होणार, हे तिथेच ठरलं. धडगावकडच्या शाळेत मी गोष्ट वाचू लागलो, की मागच्या रांगेतलं एखादं पोर तीच शेजाऱ्याला पावरी बोलीत सांगतं. हशा आधी तिथे पिकतो. माझ्या वाचनावर पिकतो तो नंतर. वाचक असा समोर बसलेला असणं या भागाला नवं नाही. नंदुरबारहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की अमळनेर लागतं. तिथे १९२४ मध्ये साने गुरुजी शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढू लागले. ना छापखाना, ना विक्रेता. लिहिलेलं आवडलं की नाही, ते वाचकाच्या चेहऱ्यावरच वाचायचं. आम्हाला हल्ली मानधनाचा धनादेश उशिरा येतो, त्याबद्दल कुरकुरही करतो. पण बसस्थानकावर एखादा पोरगा बोट दाखवून आजीला ‘तो बघ, राक्षसवाला!’ म्हणतो, तेव्हा तेवढ्यापुरता हिशेब चुकता होतो.