वंशवृक्षाच्या रेघा

हल्ली घरातल्या कार्याची यादी काढायला बसलं की हॉल, केटरर, आहेर यांच्या जोडीला आणखी एक बाब हमखास येते. ती म्हणजे, "पडद्यावर काहीतरी दाखवू या." पंचाहत्तरी असो, सहस्रचंद्रदर्शन असो, नाहीतर लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असो, जुने फोटो आणि घराण्याचा वंशवृक्ष हा पाहिजेच. आणि हे काम कुणाच्या गळ्यात पडतं? "तुला कॉम्प्युटर येतो ना गं," म्हणून घरातल्या सुनेच्या! ती सून माझ्यासारखी शाळेत अर्धवेळ शिकवत असेल तर मग बोलायलाच नको.

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. सासूबाईंच्या पंचाहत्तरीसाठी त्यांनी पॉवरपॉइंटमध्ये चार पिढ्यांचा वंशवृक्ष केला. सदतीस चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. सगळं मनासारखं झालं, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की आत्यांच्याकडची दोन नातवंडं राहिली. जागा करायला म्हणून बाई चौकटी जरा सरकवायला गेल्या, तो काय! चौकटी सरकल्या आणि रेघा जिथल्या तिथे. कुणाचा मुलगा कुणाच्या पोटी गेला याचा पत्ता लागेना. पत्राच्या शेवटी त्यांनी आणखी एक प्रश्न अगदी बारीक अक्षरात विचारलाय. त्याच्याकडे मी मागाहून येते. आधी रेघांचं पाहू.

'इन्सर्ट'मध्ये 'शेप्स' आणि त्यात 'लाइन्स' अशी वाट आहे. तिथे सरळ रेघ, बाणाची रेघ, काटकोनात वळणारी एल्बो आणि वळणदार अशा रेघा मिळतात. हवी ती निवडून माउसचा बाण चौकटीवर नेला की चौकटीच्या कडांवर बारीक ठिपके उमटतात. चौकोनाला चार, प्रत्येक बाजूच्या बरोबर मध्यावर. गोलाला आठ. रेघेची सुरुवात या ठिपक्यावरच करायची, बटण दाबून ठेवून दुसऱ्या चौकटीपर्यंत ओढायचं आणि तिच्या ठिपक्यावर सोडायचं. ठिपक्यांच्या रांगोळीचा हात असलेल्यांना हे सांगायला नकोच. ठिपक्याच्या शेजारून गेलेली रेघ दिसायला अगदी जोडल्यासारखी दिसते, पण ती नुसती टेकलेली असते. पिन न लावता खांद्यावर टाकलेला पदर जसा, तशी. तुम्ही स्वस्थ बसून आहात तोवर ठीक.

पिन लागलीय की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. रेघेवर क्लिक करा. टोकाचा ठिपका हिरवा असेल तर ते टोक चौकटीला चिकटलंय, पांढरा असेल तर सुटं आहे. तेव्हा साताऱ्याच्या भगिनींनो, सगळं पुसून नव्याने मांडू नका. एकेक रेघ धरायची, पांढरं टोक ओढून ठिपक्यावर न्यायचं आणि हिरवं झालं की पुढे. सदतीस चौकटींना दुपारचा एक चहा पुरेल. त्यानंतर चौकट कुठेही न्या, रेघ मागोमाग येईल.

वंशवृक्षाला सरळ रेघेपेक्षा काटकोनातली एल्बो बरी. सरळ रेघा तिरक्या जातात आणि एका आईबापाला पाच मुलं असली की चित्राची छत्री होते. आधी काढलेल्या सरळ रेघा टाकून द्यायचंही कारण नाही. रेघेवर उजवं बटण दाबलं की 'कनेक्टर टाइप्स' येतं, तिथून प्रकार बदलता येतो. पण एल्बोला एक पथ्य आहे. ती दोन चौकटींच्या मधोमध वळते. त्यामुळे सगळी भावंडं एका ओळीत असतील तर सगळ्यांची वळणं एकावर एक बसून एकच नीटस आडवी रेघ दिसते. एखादी चौकट बोटभर खाली असली की तिचं वळणही खाली येतं आणि आडव्या दोन रेघा दिसायला लागतात. म्हणून एका पिढीच्या चौकटी एकदम निवडायच्या, 'अरेंज'मधलं 'अलाइन' उघडून 'अलाइन टॉप' द्यायचं आणि मग 'डिस्ट्रिब्यूट हॉरिझाँटली', म्हणजे मधली अंतरं सारखी होतात. एवढं करूनही एखादं वळण हट्टाला पेटलंच तर रेघेवर पिवळा ठिपका दिसेल, तो धरून वळण वरखाली करा. 'एडिट शेप'मध्ये 'रीरूट कनेक्टर्स' नावाचीही एक सोय आहे. ती जवळची वाट शोधून रेघ नव्याने लावते. शाळेच्या तक्त्यांत मी ती वापरते, वंशवृक्षात मात्र नाही. जवळची वाट म्हणून ती रेघ चौकटीच्या कुशीतूनही घुसवते, आणि मूल काकाचं आहे की बापाचं असा प्रश्न पडतो.

आता मला जे खरं सांगायचंय ते. पॉवरपॉइंटची रेघ चौकटीला चिकटते, दुसऱ्या रेघेला चिकटत नाही. नवरा-बायकोच्या चौकटी शेजारी शेजारी ठेवून मध्ये आडवी रेघ काढली, तर मुलांची रेघ त्या आडव्या रेघेच्या मध्यातून काढायला जावं. पण तिथे ठिपकाच नसतो. मग काय होतं? सगळ्याजणी ती रेघ नवऱ्याच्या चौकटीखालून काढतात. पाच मुलं वडिलांच्या चौकटीतून खाली उतरतात आणि आई बाजूला उभी, जणू शेजारून हळदीकुंकवाला आलेली! आपल्या जुन्या वंशावळींत तर बायकांची नावंच नसत, मुलींचीही नसत. तेव्हा आता नावं आली हे चांगलंच झालं. पण नऊ महिने जिने वाहिलं तिच्यापासून रेघच निघू नये, हे काही मला पटत नाही.

त्याला अगदी सोपा तोडगा आहे. दोघांच्या मध्ये एक इवलासा गोल काढायचा, काळ्या मण्याएवढा. शिफ्टची कळ दाबून ठेवून काढला की लंबगोल न होता तो गोलच येतो. नवऱ्याच्या चौकटीपासून मण्याच्या डाव्या ठिपक्यापर्यंत एक रेघ, मण्याच्या उजव्या ठिपक्यापासून बायकोपर्यंत दुसरी, आणि मुलांच्या सगळ्या रेघा मण्याच्या खालच्या ठिपक्यातून. मूल दोघांचं दिसतं. आजोबांची दोन लग्नं झाली असतील तर दोन मणी करा, एकेका बाजूला एकेक. कुठलं मूल कुठल्या आईचं हे न सांगता कळतं. पहिल्या आजी बाळंतपणात गेल्या आणि आता त्यांचं नावही कुणाला आठवत नाही, असं कितीतरी घरांत असतं. तरी चौकट काढा, 'पहिली पत्नी' एवढं लिहा आणि रेघ जोडा. सुनांच्या चौकटीत माहेरचं नावही यावं. लग्नात नाव बदललेल्या आजीला तिचं पहिलं नाव पडद्यावर दिसलं तर तिच्या चेहऱ्याकडे जरूर बघा.

रंगरूपाचं फार सांगत नाही. रेघ निवडून 'शेप आउटलाइन'मध्ये गेलं की रंग, 'वेट' म्हणजे जाडी आणि 'डॅशेस' म्हणजे तुटक रेघांचे प्रकार मिळतात. हॉलमध्ये मागच्या रांगेतून दिसायला हवं, म्हणून जाडी दीड किंवा सव्वादोन पॉइंट ठेवा. एकच गडद रंग पुरे. प्रत्येक शाखेला वेगळा रंग दिला की वंशवृक्षाची लग्नाची पत्रिका होते. एक रेघ मनासारखी झाली की तिच्यावर उजवं बटण दाबून 'सेट ॲज डिफॉल्ट लाइन' म्हणा, पुढच्या सगळ्या तशाच येतील. बाण मात्र नको. बाण शाळेत ठीक. गवत, नाकतोडा, बेडूक या अन्नसाखळीत बाण खाणाऱ्याकडे जातो आणि मुलं तो दरवर्षी उलटा काढतात. माणसांच्या नात्यात कोण कुणाकडे जातो याला बाण कशाला!

आता त्या बारीक अक्षरातल्या प्रश्नाकडे येते. या भगिनींच्या धाकट्या दिरांनी मुलगी दत्तक घेतली आहे, ती आता दहा वर्षांची आहे. मोठ्या नणंदबाईंचं म्हणणं, तिच्यापर्यंतची रेघ तुटक काढ, इतिहासाच्या पुस्तकात असते तशी. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी जेवल्याही नाहीत.

इतिहासाच्या तक्त्यात तुटक रेघ असते हे खरं. मी स्वतः वर्गात काढते. बडोद्याचे तिसरे सयाजीराव म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे गोपाळराव. १८७५ साली खंडेरावांच्या पत्नी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं. कोल्हापूरचे शाहू महाराज म्हणजे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, त्यांना १८८४ मध्ये आनंदीबाईंनी दत्तक घेतलं. तिथे गादी कुणाकडून कुणाकडे आणि कशी गेली हाच धड्याचा विषय, म्हणून रेघ तुटक. पंचाहत्तरीच्या हॉलमध्ये गादीचा प्रश्न नाही. शिवाय १९५६ चा हिंदू दत्तक कायदा सांगतो की दत्तक मूल त्या दिवसापासून सर्व बाबतींत त्या आईवडिलांचंच मूल. मुलगी दत्तक घेण्याची वाटही सर्वसाधारणपणे त्याच कायद्याने मोकळी झाली. संस्थेतून मूल घेताना लागू होणारा २०१५ चा बालन्याय कायदा तर पोटी जन्मल्यासारखंच मानतो. कायद्याने जिची रेघ अखंड धरली, तिची आपण घरात बसून का तोडायची? तुटक रेघ करायला एक क्लिक लागतो. पण दहा वर्षांच्या मुलीला वाचता येतं. सगळ्या चुलत भावंडांच्या रेघा सलग आणि आपली एकटीची धावदोरा घातल्यासारखी, हे ती सगळ्या गोतावळ्यासमोर मोठ्या पडद्यावर बघणार.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते, रेघ सलग काढा, मण्यापासूनच काढा आणि कुणाला विचारत बसू नका. नणंदबाई अडून बसल्याच तर शांतपणे म्हणा, "वन्सं, तुटक रेघ ठेवायची तर कोपऱ्यात तिचा अर्थही लिहावा लागेल. तेवढं वाक्य तुम्ही लिहून देता का?" बहुतेक तिथेच विषय संपेल. आणि तुटक रेघ अगदीच वाया जाऊ नये असं वाटत असेल तर ती सगळ्यात वरच्या पिढीला वापरा. "हे आपले पणजोबांचे चुलते असावेत" अशी ऐकीव नाती प्रत्येक घरात असतात. तिथे तुटक रेघ आणि कोपऱ्यात 'माहिती पक्की नाही' एवढा खुलासा शोभतो.

भिंतीवर लावायला मोठा कागद छापून हवा असेल तर पानाचा आकार अगदी सुरुवातीलाच ठरवा. 'डिझाइन', 'स्लाइड साइज', 'कस्टम' अशा वाटेने जाऊन रुंदी ४२ आणि उंची २९.७ सेंटीमीटर असे आकडे स्वतः भरा. यादीतलं 'ए-थ्री' निवडलंत तर कागदापेक्षा लहान माप येतं. दुकानात पेन ड्राइव्ह नेताना पीडीएफ करून न्या, नाहीतर तिथल्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं बदलून नावं चौकटीबाहेर येतील. आणि खालच्या ओळीत उजवीकडे दोन चौकटींची जागा मोकळी ठेवा. कुणीतरी राहिलेलं असतंच, आणि ते कार्याच्या आदल्या रात्री अकरा वाजता आठवतं.