आमच्या इंजिनाला ऊन लागत नाही!

मित्रांनो, मे महिन्यात होस्टेलच्या खोलीत एक रात्र कूलर बंद करून झोपून बघा. अर्ध्या तासात गादी ओली! दुपारी बाहेर पारा ४५ अंशांवर गेलेला असतो. पण कॉम्प्युटर लॅबमध्ये आपण जे टर्बो इंजिन 'डिझाइन' करतो ना, त्याला हा उन्हाळा ठाऊकच नाही. तिथली हवा बारा महिने २५ अंशांची. सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा आधीच भरलेला असतो आणि आपण त्याला हात लावत नाही.

मीही लावला नाही. आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टला टर्बो पेट्रोल कारचा इनटेक मॅनिफोल्ड घेतला होता, म्हणजे आत येणारी हवा प्रत्येक सिलिंडरला वाटून देणाऱ्या नळ्या. रंगीत चित्रं झकास आली, मार्कही मिळाले. मग एका रविवारी ती चित्रं घेऊन मी वाडीत अमरावती रोडवरच्या एका ट्रकच्या गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रीकाकांनी हात पुसून कागद पाहिला आणि विचारलं, "हे तं ठीक आहे बेटा, पण हवा किती गरम जाते आत?"

उत्तर नव्हतं. रात्री बसून हिशोब केला. हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाला हात लावला की कळतं. टर्बोने दाब दुप्पट केला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर २५ अंशांची हवा ११८ अंशांवर जाते आणि आपली ४५ अंशांची १४५ वर! दाब दुप्पट, पण हवा भरते दीडपटच. इंटरकूलरने ती ६० अंशांपर्यंत आणली, तर १.९ पट.

काही जण म्हणतात, "टर्बो आहे ना, हवा ढकलली जाईलच, नळ्या कशा का असेनात." मला हे पटत नाही. नळ्यांची तोंडं आणि वळणं चुकली की एका सिलिंडरला हवा जास्त, दुसऱ्याला कमी. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल मात्र सगळ्यांना सारखंच. मग जास्त हवावाल्याचं मिश्रण पातळ होतं, तो जास्त तापतो आणि आधी नॉक करतो. २५ अंशांना ही चूक खपून जाते. ४५ ला खपत नाही. नॉक झाला की ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ओव्हरटेक करताना नेमका जोर जातो.

२०१७ मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन १.२ लिटरचं, तीन सिलिंडरचं, टर्बोवालं. गाडी पुण्याजवळ रांजणगावला बनते, पण धावते वर्धा-चंद्रपूरच्या उन्हातही. तिथल्या इंजिनिअरांना आपला मे महिना विसरून चालत नाही. मग नागपुरात राहून आपण कसा विसरतो?

म्हणून सर-मॅडमना दोनच विनंत्या. प्रत्येक इंजिन प्रोजेक्टमध्ये ४५ अंशांचा एक रन सक्तीचा करा. आणि लॅबच्या आधी एक दिवस आम्हाला वाडीच्या गॅरेजमध्ये पाठवा.

आणि मित्रांनो, तुम्हाला पटत नसेल, तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता चला माझ्यासोबत. टोपी आणि पाण्याची बाटली आपापली आणायची!