संग्रहालयातली व्याख्यानं वर्गात कशी वापरावीत?



लोह्याहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. तिथलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांसाठी खुलं आहे, पण आपल्या जिल्हा परिषद शाळेतल्या किती लेकरांनी ते पाहिलंय? सहलीच्या खर्चातच आपलं गाडं अडतं. आता मात्र अशा संग्रहालयांत झालेली तज्ज्ञांची व्याख्यानं यूट्यूबवर फुकट ऐकता येतात.

मग काय, मीही उत्साहानं असंच एक व्याख्यान चौथीच्या वर्गात टीव्हीवर लावलं. दहा मिनिटांत निम्मी पोरं चुळबुळ करायला लागली. चूक माझीच. तासाभराचं भाषण, तेही इंग्रजीत; ते मोठ्यांसाठीच असतं.

दुसऱ्या दिवशी त्यातलं एकच चित्र थांबवून ठेवलं. इटलीतलं पाँपेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. तिथं १९३८ साली भारतात घडवलेली एक हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्या हातांचा भाग मोठा केला आणि विचारलं, "काय दिसतंय?" वर्गात सहसा न बोलणारी तांड्यावरची एक मुलगी पटकन म्हणाली, "सर, आमच्या आजीसारख्या कोपरापर्यंत बांगड्या!" मग तिलाच बोलू दिलं. सगळा वर्ग तिचं ऐकत होता. शेवटी मी एवढंच सांगितलं, की अशीच हस्तिदंती बाहुली आपल्या मराठवाड्यात, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडली आणि तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. "सर, तेरला कधी जायचं?" हा प्रश्न लगेच आला.

म्हणून मला वाटतं, रेकॉर्ड केलेलं व्याख्यान हा शिक्षकाचा गृहपाठ आहे. आधी आपण घरी पूर्ण ऐकावं, टिपण काढावं. वर्गात एक वस्तू आणि दोन प्रश्न पुरेत. टीव्ही लावून आपण हजेरीपट भरत बसलो, तर त्याला शिकवणं म्हणता येणार नाही. पालकांनीही नुसता मोबाइल हातात देऊ नये, लेकरासोबत बसून बघावं.

संग्रहालयांनाही एक विनंती आहे. शाळेसाठी दहा-दहा मिनिटांची व्याख्यानं मराठीत करा. पडद्यावर वक्ता कमी आणि वस्तू जास्त दिसू द्या. आमच्या लेकरांना सांगण्यासारखं खूप आहे, त्यांना आधी नीट बघायला तर मिळू द्या.