बोट सेविकेचे, यंत्र शासनाचे

अंगणवाडी सेविकेच्या हाती मोबाइल देऊन शासनाने खेड्यात आधुनिकता आणल्याचा डांगोरा पिटला. बोट टेकल्याने विद्युतभारात होणारा सूक्ष्म बदल त्याची काच ओळखते. ओले बोट मात्र तिला नीट उमगत नाही. मुलांना भरवता भरवता नोंद करणारीने पदराला हात पुसावा, काच पुसावी आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा! वर २०२१ साली आलेले ‘पोषण ट्रॅकर’ सुरुवातीस इंग्रजीत, आणि कमी क्षमतेचा मोबाइल मध्येच बंद पडे. त्या ऑगस्टमध्ये राज्यातील सेविकांनी हे मोबाइल परत केले. त्याला यंत्रविरोध म्हणणे ही शुद्ध दिशाभूल होय. त्यांनी चालणारे यंत्र आणि स्वतःची भाषा मागितली होती.

१ जुलै २०२५ पासून तर घरपोच आहारासाठी लाभार्थीचा चेहराही जुळवावा लागतो. ज्या पाड्यावर रेंजच नाही, तेथील आईने कडेवर मूल घेऊन किती वेळ ताटकळायचे? १९७५ सालापासून ही योजना ज्यांच्या श्रमावर उभी आहे, त्यांना शासन आजही वेतन देत नाही. देते ते ‘मानधन’. नोंदीची सक्ती मात्र पगारी नोकराला लाजवील अशी.